बाईंना विचारा : तटाला राखाडी रंग देऊ नका

गेल्या अंकात जलरंगांबद्दलच्या एका उत्तरात मी सहज लिहून गेले, की सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर तेराव्या शतकातला एक इंग्रजी किल्ला उभा आहे आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवतो. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी ग्रेड परीक्षेच्या दिवसांतही येत नाहीत. म्हणून या वेळी सगळी जागा किल्ल्याला. इंटरमिजिएटच्या मुलांनी रागावू नये, तुमचं स्थिरचित्र पुढच्या महिन्यात.

नातू म्हणतो, "आजी, मला २८ एमएमचा किल्ला करून दे." हा नेमका कसला खेळ? आणि बाई, तुम्ही या वयात बाहुल्या खेळता का?
*– एक निवृत्त शिक्षिका, नंदुरबार*

खेळते की! बाहुल्याच आहेत त्या, फक्त चिलखत घातलेल्या. धातूचे किंवा प्लास्टिकचे सैनिक, तळपायापासून डोळ्यांपर्यंत साधारण २८ मिलिमीटर. टेबलावर दोन सैन्यं मांडायची, टेपने मोजून इंच-इंच पुढे सरकवायची आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा. बुद्धिबळासारखी घरं नसतात. त्यामुळे टेकडी, कुंपण, झाड, तट हे सगळं खरोखर आडवं येतं. तिरंदाजाला समोरचा दिसतो की नाही, ते टेबलाशी वाकून, एक डोळा मिटून बघायचं. तुमच्या नातवाला किल्ला शोकेससाठी नको आहे, त्याला त्यावर माणसं चढवायची आहेत. हे एवढं लक्षात ठेवलंत तर पुढची निम्मी उत्तरं वाचायची गरज नाही.

मला हा नाद भाच्याने लावला. सुट्टीत अमळनेरला आला तेव्हा त्याने पिशवीतून थर्माकोलची भिंत काढून दाखवली. सगळे दगड एका मापाचे, एका रंगाचे, न्हाणीघरातल्या टाइल्ससारखे. एकतीस वर्षं मुलांच्या चित्रकलेच्या वह्या तपासलेल्या बाईला हे बघवत नाही. मी म्हटलं, आण इकडे. शेजारच्या आजी दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "हाई काय शे व माय!" त्या दिवसापासून रोज एक चक्कर त्यांची असतेच.

टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचा बुरूज केला. वर काळ्या स्प्रेचा कॅन मारला, तर बुरूज डोळ्यांदेखत विरघळला. रंग खराब निघाला का?
*– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, शिरपूर*

रंग चांगला होता रे, बुरूज त्याला नको होता. स्प्रेच्या कॅनमध्ये रंग पातळ ठेवायला जी द्रावणं असतात ती थर्माकोल खातात. थर्माकोल म्हणजे हवेने फुगवलेलं पॉलिस्टायरीन, बहुतेक सगळी हवाच, त्यामुळे ते बर्फासारखं बसतं. मी हे एका स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री शिकले. रायगडाचा महादरवाजा जोडायला चपलांना लावतात तो पिवळा चिकट वापरला. सकाळी महादरवाजाला भगदाडं होती. प्रमुख पाहुणे म्हणाले, तोफेच्या गोळ्यांचा परिणाम छान साधलाय. मी गप्प बसले.

थर्माकोलला चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल, दुसरं काही नाही. रंगाआधी फेव्हिकॉल, काळा ॲक्रिलिक आणि थोडं पाणी ताकाएवढं पातळ करून ब्रशने सगळीकडे लाव, कोपऱ्यांत आणि खाचांतही. सुकल्यावर दुसरा हात. वर कडक कातडी तयार होते, मग खेळताना अंगठ्याने टवके उडत नाहीत. पण त्या कातडीच्या भरवशावर पुन्हा स्प्रे मारू नकोस. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी रंग आत शिरतो.

दाणेदार थर्माकोलवर दगडांच्या रेषा नीट उमटत नाहीत, दाणे उचकटतात. त्यासाठी एक्सपीएस शोध. गच्चीवर ऊन अडवायला घालतात ते घट्ट, बिनदाण्याचे निळे-गुलाबी बोर्ड, बहुतेक २५ किंवा ५० मिलिमीटर जाडीचे. बांधकामावर तुकडे पडलेले असतात, मागितले तर देतात. शाई संपलेल्या बॉलपेनने त्यावर दगडांचे सांधे दाबायचे. थर आडवे सरळ ठेव, उभे सांधे मात्र एकाखाली एक येऊ देऊ नकोस, कुठल्याही गवंड्याला विचार. मग ॲल्युमिनियम फॉईलचा चुरगळलेला गोळा भिंतीवर दाबत फिरव. दगडाचा खडबडीतपणा दोन मिनिटांत येतो. एवढं सोपं असूनही लोक हे टाळतात आणि नंतर रंगाला दोष देतात.

आपल्याकडच्या मुलांना एक इशारा. सावदा-रावेरकडे केळी पिकवण्याच्या चेंबरच्या भिंतीत पत्र्यांच्या मधे पिवळट फोम असतो, त्याचे तुकडे मुलं आणतात. तो पॉलियुरेथेन. स्प्रेने विरघळत नाही, म्हणून बरा वाटतो. पण तापलेल्या तारेने तो अजिबात कापू नका, त्याचा धूर विषारी असतो. फक्त सुरीने कापा, घासताना तोंडाला मास्क लावा. थर्माकोल तारेने कापतानाही खिडकी उघडी हवीच.

तटाची उंची किती घ्यावी? खऱ्या किल्ल्याचं माप काढून प्रमाणात केलं तर भिंत फारच मोठी होते.
*– एक वाचक, धुळे*

तुमचं गणित बरोबर आहे. २८ मिलिमीटरचे सैनिक ढोबळमानाने १:५६ प्रमाणात बसतात. १० मीटरचा तट म्हणजे जवळजवळ १८ सेंटिमीटर झाला. त्यावर बुरूज, त्याही वर निशाण. पलीकडे बसलेल्या खेळाडूचा चेहराच दिसत नाही. म्हणून सगळेच थोडी लबाडी करतात. मी तट १२ सेंटिमीटरवर थांबवते, बुरूज १८. दरवाजा मात्र लबाडीचा नको, त्यातून घोडेस्वार भाल्यासकट जाताना दिसला पाहिजे.

उंचीपेक्षा महत्त्वाची फांजी. तटावर पहारेकरी चालतात ती वाट. आपल्याकडे किल्ल्याच्या प्रत्येक अवयवाला नेमका शब्द आहे: फांजी, चर्या (तटावरचे कंगोरे), जंग्या (मारा करायची भोकं), देवडी (दरवाजाआतली पहारेकऱ्यांची जागा). मी इंग्रजी किल्ल्यालाही तेच शब्द वापरते, भाचा हसतो. तर, सैनिक ज्या गोल चकतीवर चिकटवलेला असतो ती बहुधा २५ मिलिमीटरची. फांजी २५ची केलीत तर पहिल्याच धक्क्याला पहारेकरी खंदकात. निदान ४० घ्या, मी ५० घेते. आणि तट एकसंध करू नका. फूट-फूटभराचे तुकडे आणि सुटे बुरूज करा. एक तुकडा ढासळलेला वेगळा करून ठेवा. धोंडे फेकणाऱ्या यंत्राने भिंत पाडली की चांगला तुकडा उचलायचा आणि ढासळलेला ठेवायचा. मुलांचा आनंद त्या क्षणी बघण्यासारखा असतो.

माझा किल्ला सिमेंटचा वाटतो. काळा आणि पांढरा मिसळून चांगला दगडी राखाडी केला होता. काय चुकलं?
*– एक वाचक, जळगाव*

तो राखाडीच चुकला. शाळेत चौथीपासून "दगड – राखाडी, झाडाचं खोड – चॉकलेटी" हे आपण घोटून घेतो, त्यात मीही दोषी. काळा-पांढरा मिसळलेला राखाडी मेलेला रंग असतो, त्यात ऊन नसतं.

आपली दुसरी अडचण म्हणजे आपण बेसाल्टच्या प्रदेशात राहतो. आपल्या डोळ्यांत दगड म्हणजे काळा दगड. पण ज्यांचा किल्ला तुम्ही करताय, त्यांच्याकडे चुनखडी आणि वालुकाश्म. सीरियातला धर्मयुद्धांच्या काळचा क्रॅक दे शव्हालिए चुनखडीचा आहे, उन्हात तो मधाळ दिसतो. वेल्समधल्या कार्नार्व्हनच्या तटात तर वेगवेगळ्या रंगांच्या दगडांचे आडवे पट्टे मुद्दाम घातलेले आहेत. आणि कित्येक किल्ले त्या काळी उघड्या दगडाचे दिसतच नव्हते, वर चुना असायचा. १२४० साली तिसऱ्या हेन्रीने लंडनच्या किल्ल्याचा मधला मनोरा चुन्याने रंगवून घेतला. त्याला 'व्हाइट टॉवर' म्हणतात ते उगाच नव्हे. चुना पावसापासून दगड राखतो आणि दहा मैलांवरून राजा दिसतो.

आता कृती. काळ्या अस्तरावर बर्न्ट अंबरमध्ये (हा गडद तपकिरी) किंचित काळा आणि थोडा पांढरा घालून उबदार गडद थर द्या. तो सुकला की दहा-बारा दगडांमागे एक दगड वेगळा रंगवा. कुठे गेरूकडे झुकणारा, कुठे हिरवट, कुठे फिका. नेमाने नाही, डोळे अर्धे मिटून. मग यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा आणि थेंबभर अंबर असा साईच्या रंगाचा थर कोरड्या ब्रशने. ब्रश रंगात बुडवा, जुन्या बनियनवर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि भिंतीवरून हलक्या हाताने फिरवा. रंग फक्त दगडांच्या कडा पकडतो. यासाठी चांगला ब्रश वापरू नका, केस विस्कटलेला चपटा ब्रश हवा. शेवटी अंबर पाण्यात चहाएवढं पातळ करून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि सांध्यांत सोडा. साबणामुळे पाणी थेंबाने न थांबता खाचेतून धावतं.

इथे खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात दुपारी ब्रशवरच रंग सुकतो. कोरड्या ब्रशला ते बरं, पण पातळ रंगाला वाईट. मध्येच वाळून कडेला चहाच्या कपासारखं वर्तुळ उरतं. मी हे काम सकाळी सहाला, पंखा बंद करून करते. आणि रंग ताटलीत नाही, स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यावर बटर पेपर घालून त्यावर काढते. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला असतो.

डाग विसरू नका. तटाच्या पायाला ओलीची हिरवट रेघ, कोनाड्यातल्या संडासाच्या भोकाखाली पिवळट-तपकिरी ओघळ. त्या किल्ल्यांचे संडास तटाबाहेर काढलेले असत, घाण सरळ खंदकात. शेजारच्या आजींना हे सांगितल्यापासून त्या किल्ल्याला हात लावत नाहीत.

थ्रीडी प्रिंटरवर सुंदर बुरूज छापला, गाडीतून नेताना वाकडा झाला.
*– एक वाचक, भुसावळ*

पीएलए असणार, म्हणजे थ्रीडी प्रिंटरमधलं नेहमीचं प्लास्टिक. ते ६० अंशांच्या आसपास नरम पडतं आणि भुसावळच्या मे महिन्यात बंद गाडी तेवढी तापते. गाडीत ठेवू नका किंवा पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये छापा, ते जास्त तग धरतं. माझं मत विचाराल तर दारं, खिडक्या, बिजागऱ्या छापाव्यात आणि भिंती हाताने कराव्यात. छापलेल्या भिंतीवर थरांच्या बारीक रेषा असतात, कोरडा ब्रश फिरवला की त्या नेमक्या उठून दिसतात.

गवत, माती, लाकूड यांसाठी परदेशी पाकिटं फार महाग. पर्याय?
*– एक वाचक, चोपडा*

पर्याय तुमच्या बांधावर आहे. कपाशीच्या वाळलेल्या काड्या म्हणजे ओंडके. ज्वारीच्या ताटाची साल काढली की आतला गाभा सुरीने लोण्यासारखा कापला जातो, त्याच्या फळ्या करा. काथ्याची दोरी बारीक कातरली की वाळलेलं गवत. बोरी नदीची वाळू मी चहाच्या गाळणीने चाळून घेतली, त्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते इथे छापण्यासारखं नाही.

वापरलेली चहापत्ती वाळवून जंगलातली माती म्हणून छान दिसते. फक्त चहात साखर घालून उकळला असेल तर पत्ती तीन पाण्यांनी धुवा. मी धुतली नव्हती. सकाळी उठून बघते तो मुंग्यांनी किल्ल्याचं अर्धं जंगल उचलून भिंतीच्या फटीत नेलं होतं. एवढा शिस्तबद्ध वेढा मी टेबलावर अजून पाहिलेला नाही.

आपले किल्ले सोडून परक्यांचे किल्ले कशाला?
*– एक संतप्त वाचक, पारोळा*

रागवा, पण पारोळ्याहून रागावताय म्हणून जास्त बोलते. तुमच्या गावात खंदक असलेला भुईकोट उभा आहे आणि टेबलासाठी भुईकोटासारखा किल्ला नाही. गिरिदुर्ग केला तर टेबलभर डोंगर आणि वर तळहाताएवढा किल्ला, सैनिक उतारावरून घसरतात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतो तो एका बाजूने बघायचा असतो. इथे चारही बाजूंनी माणसं बसतात.

आणि मध्ययुगच हवं असेल तर आपल्याकडे खानदेशचे फारुकी सुलतान आहेत. थाळनेरला त्यांची पहिली राजधानी, नंतर असीरगड आणि बऱ्हाणपूर, आणि शेवटी अकबराचा वेढा. असीरगड १६०१च्या जानेवारीत पडला. भाच्याला मी सांगून ठेवलंय, पुढच्या सुट्टीत थाळनेरचा तट करायचा, तापीसकट. तेव्हा मात्र काळा दगड काळाच रंगवू. तोही नुसत्या काळ्याने नाही, त्यात निळा आणि अंबर घालून.

किल्ला अर्धा होऊन दोन वर्षं माळ्यावर पडलाय. पूर्ण होत नाही. काय करू?
*– एक वाचक, चाळीसगाव*

वेल्समधल्या ब्यूमॅरिस किल्ल्याचं काम १२९५ साली पहिल्या एडवर्डने सुरू केलं. एकात एक दोन तट, रेखीव आखणी, शेकडो माणसं कामावर. मग पैसा स्कॉटलंडच्या लढायांकडे गेला आणि मनोऱ्यांना वरचे मजले मिळालेच नाहीत. आजही तो तसाच आहे आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. तुमचा माळ्यावरून खाली काढा, भोवती काड्यांची परांची बांधा, पायथ्याशी दगडांचा ढीग आणि एक चुन्याची घमेली ठेवा. पुढच्या रविवारी बांधकाम चालू असतानाच हल्ला होऊ द्या.