वाचकांचे प्रश्न : बाईंनी प्रायोगिक नाटकाकडे पाठ फिरवली का?

प्रश्न : विजया मेहता यांनी ‘रंगायन’मधून प्रायोगिक नाटक रुजवले आणि पुढे त्या व्यावसायिक रंगभूमीवर गेल्या. ही आपल्याच चळवळीशी घेतलेली फारकत म्हणावी काय?

उत्तर : हा आक्षेप जुना आहे, मला तो पटत नाही. १९३४ साली बडोद्यात जन्मलेल्या विजयाबाई, म्हणजे नाट्यवर्तुळातल्या ‘बाई’, इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान या दिग्दर्शकांकडे नाटक शिकल्या. नाट्यपदे आणि पल्लेदार संवाद यांवर पोसलेल्या मराठी प्रेक्षकापुढे त्यांनी हालचाल, शांतता आणि रंगावकाश, म्हणजे रंगमंचावरची जागा, यांनाही शब्दांइतकाच अर्थ असतो, हे मांडले. १९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासह उभ्या राहिलेल्या ‘रंगायन’ने फ्रेंच नाटककार आयनेस्कोचे ‘खुर्च्या’ केले, तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो, मी हरलो’ केले आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ही केले. पुढे संस्थेत फूट पडली आणि १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे यांनी ‘आविष्कार’ काढली.

प्रश्नाचा खरा निकाल त्यानंतरच्या कामात लागतो. १९७३ मध्ये जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त मुलांची वाट पाहणाऱ्या वृद्धेची भूमिका बाईंनी केली, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. दळवींच्याच ‘बॅरिस्टर’मध्ये जुना वाडा, केशवपन झालेली मावशी आणि घराण्यातल्या वेडाच्या भीतीने पोखरलेला विलायती शिक्षणाचा माणूस असा ऐवज आहे, सैल हाती पडला असता तर त्याचा भडक शोकनाट्यात सहज चुथडा झाला असता. त्याला संयमात बांधून ठेवणारी शिस्त बाईंनी ‘रंगायन’च्या तालमींतच कमावली होती. ‘हमीदाबाईची कोठी’, ‘महासागर’, ‘पुरुष’ आणि महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकांनाही हेच लागू पडते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला त्यांनी कमी लेखले नाही, आणि त्याच्यासाठी तालीमही सैल सोडली नाही. ‘हमीदाबाई’त नाना पाटेकर आणि नीना कुलकर्णी असे त्या वेळचे तरुण नट होते, यावरूनही त्या नट घडवत होत्या, केवळ नामवंतांना गोळा करत नव्हत्या, हे दिसते. प्रायोगिक आणि व्यावसायिक यांच्यात भिंत घालण्याची हौस समीक्षकांना अधिक होती, असे मला वाटते.

याच काळात जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने त्यांनी जर्मन नाटककार ब्रेख्तचे नाटक खानोलकरांच्या रूपांतरात, ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने केले, आणि वायमारला जाऊन जर्मन नटांकडून ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक बसवून घेतले. हे काम व्यवसायाच्या हिशेबात मुळीच बसणारे नव्हते.

प्रश्न : त्यांचा अभिनय आज कुठे पाहता येईल?

उत्तर : रंगमंचावरचा अभिनय प्रयोगाबरोबरच संपतो, त्यामुळे चित्रपटांकडेच वळावे लागते. ‘बॅरिस्टर’वरून त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘रावसाहेब’ या हिंदी चित्रपटातील मावशी आधी पाहावी. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर गोविंद निहलानी यांचा ‘पार्टी’ (१९८४) पाहावा. त्यातल्या दमयंती राणेचा दिवाणखान्यातला सफाईदार, किंचित थकलेला वावर आणि मावशीचे आलवणातले, म्हणजे विधवेच्या लाल वस्त्रातले, अंग चोरणे लागोपाठ पाहिले, तर दोन्ही भूमिका एकाच नटीच्या आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही.