‘परत येईन’ सांगून आलीय लेक, आता पाठवू का नको?

पत्र: ताई, सलाम. आम्ही मूळचे अहमदनगरचे, आता बरीच वर्षं डॅलसला आहोत. आमच्या चर्चचा यूथ ग्रुप दर जुलैला युगांडात जिंजाजवळच्या एका अनाथाश्रमात दहा दिवस सेवेला जातो. लेक 17 वर्षांची आहे, मागच्या वर्षी गेली होती. तिथला सहा वर्षांचा एक मुलगा तिला फार चिकटला, निघताना खूप रडला, आणि ही त्याला ‘मी परत येईन’ सांगून आली. वर्षभर त्याचाच फोटो फोनवर आहे. यंदा 14 जण चाललेत, माणशी 3,400 डॉलर, तिने केक विकून निम्मे जमवलेत. पण मध्यंतरी कळलं की त्या मुलाची आजी आहे, जवळच्याच गावात राहते, आणि तेव्हापासून माझ्या मनाला काहीतरी खटकतंय. मिस्टर म्हणतात देवाचं काम आहे, जाऊ दे. लेक म्हणते तू माझ्या सेवेच्या आड येतेस, आणि त्याला आपण दत्तकच का घेत नाही? काय करू? एक आई.

उत्तर: तुम्हाला खटकलंय ते अगदी बरोबर खटकलंय. आजी आहे, जवळच राहते, मग नातू आश्रमात कसा? हा प्रश्न तुमच्या चर्चमधल्या मोठ्या माणसांनी पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता, आणि तो आज एकट्या आईला पडतोय याचं मला वाईट वाटलं.

आधी तिथली गोष्ट सांगते. युगांडात ऐंशी-नव्वदच्या दशकात एड्सने घरंच्या घरं रिकामी केली, पण आईबाप गेलेल्या बहुतेक मुलांना सांभाळलं ते आजीने, मावशीने, काकाने. आजीला तिकडे जाज्जा म्हणतात आणि अशा जाज्जा गावोगाव आहेत, म्हातारपणी चार चार नातवंडं वाढवणाऱ्या. मग मुलं आश्रमात जातात कशी, तर गरिबीमुळे. प्राथमिक शिक्षण 1997 पासून सरकारने मोफत केलंय, पण गणवेश, वह्या, परीक्षेची फी असं काहीबाही निघतच राहतं, आणि शेजारच्या आश्रमात दोन वेळचं जेवण, बूट, इंग्रजी शाळा आणि परदेशातून येणारी मदत असते, मग आजी काळजावर दगड ठेवून पोराला तिथे सोडते, कारण तिला वाटतं त्याचं भलं होईल. जगभरातल्या अनाथाश्रमांमधल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, निदान एक कुणीतरी जिवंत असतं. आणि युनिसेफ जो अनाथांचा आकडा देते त्यात एकच पालक गेलेली मुलंही धरलेली असतात, हे वर्गणी मागताना कुणी सांगत नाही.

याचा वाईट भाग असा की पाहुणे आणि डॉलर मुलांच्या मागे येतात. मुलं घरी गेली, खाटा रिकाम्या झाल्या, की जुलैची टीम येणार कुठे? सगळेच आश्रम असे असतात असं मी म्हणत नाही, मनापासून काम करणारी माणसं तिथेही आहेत, पण काही ठिकाणी चक्क गावागावात फिरून मुलं गोळा केली गेली आहेत. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आपल्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची मानवी तस्करी म्हणून दखल घेतली, आणि 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथाश्रमात जाऊन केल्या जाणाऱ्या अशा हौशी सेवेबद्दल ठरावात काळजी व्यक्त केली. म्हणजे ही तुमची एकटीची शंका नाही.

आता त्या मुलाबद्दल, कारण सगळा जीव तिथे अडकलाय. लेकीला शांतपणे विचारा, तो तुझ्याकडे पहिल्यांदा कधी आला? बहुतेक ती सांगेल, आम्ही व्हॅनमधून उतरलो आणि पाच मिनिटांत तो मांडीवर येऊन बसला, केसांशी खेळायला लागला, फोन मागायला लागला. तिला ते प्रेम वाटलं, आणि तिच्या बाजूने ते खरंच प्रेम होतं. पण आपल्या घरातलं सहा वर्षांचं पोर अनोळखी पाहुणी आली की आईच्या ओढणीमागे लपतं, नाव विचारलं तरी सांगत नाही, आणि ते चांगलं लक्षण असतं, त्याला आपलं माणूस कोण ते पक्कं माहीत असतं. जे मूल कुणाच्याही मांडीवर लगेच चढतं त्याला अनेकदा कायमची मांडी मिळालेली नसते. रोमानियात बुखारेस्टमध्ये 2000 सालापासून संशोधकांनी संस्थेतल्या 136 लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांना सांभाळणारी कुटुंबं मिळवून दिली, तेव्हा कुटुंबात गेलेली मुलं, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेली, बोलण्यात, बुद्धीत, जीव लावण्यात संस्थेतल्या मुलांच्या पुढे गेली. मुलाला तेच माणूस रोज दिसावं लागतं. आश्रमातल्या त्या मुलाला दर जुलैला नवी ताई मिळते, ती दहा दिवस जीव लावते, रडते, जाते, आणि तशा टीम वर्षातून किती येतात देव जाणे.

मग दिलेल्या शब्दाचं काय? हे मी हलक्यात घेत नाही. 17 वर्षांच्या मुलीने सहा वर्षांच्या मुलाला दिलेला शब्दही शब्दच असतो, आणि ‘अगं तो विसरला असेल’ असं तिला अजिबात म्हणू नका, त्याने ती जास्त दुखावेल आणि ते खरंही नसेल. पण शब्द पाळायचा म्हणजे विमानाने जाऊन अजून दहा दिवस राहायचं आणि परत एकदा त्याच गेटवर त्याला रडवून यायचं, एवढाच त्याचा अर्थ कशाला? तिने त्याला एक पत्र लिहावं, साधं, खरं, की मला तू आठवतोस, मी यावर्षी येत नाहीये, पण तुला तुझ्या जाज्जाकडे राहता यावं म्हणून इथे धडपडतेय. फक्त हा शेवटचा भाग लिहायच्या आधी तिथल्या जबाबदार माणसाला विचारून घ्या, कारण आजीकडे का राहता येत नाही याचं काही खरं कारणही असू शकतं, घरात मारहाण, आजारपण, काहीही, आणि मुलाला खोटी आशा दाखवायची नाही.

दत्तकाचं थोडक्यात सांगते. युगांडाने 2016 मध्ये कायदा बदलला, परदेशी माणसाला आधी तिथे किमान वर्षभर राहून मूल सांभाळावं लागतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, आजी असलेल्या मुलाला आजीपासून तोडून डॅलसला आणायचं? लेकीला हे विचारा, ती समंजस वाटते, तिला कळेल.

मिस्टर म्हणतात देवाचं काम, तर त्यांच्याशी बायबल उघडूनच बोला. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात अनाथ आणि विधवा दोघांची विचारपूस करायला एका दमात सांगितलंय. आपण अनाथांकडे जातो, फोटो काढतो, आणि ती जाज्जा, जी बहुतेक विधवाच असेल, तिच्या झोपडीपर्यंत टीममधलं कुणी गेलं का? तुम्ही नगरकर, पुणे जिल्ह्यातल्या, दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन तुम्हाला माहीत असणारच. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना आणि विधवांना आणलं तेव्हा त्यांना परत पाठवायला घरंच उरली नव्हती, आणि बाई स्वतः त्यांच्यात राहिल्या, 1922 मध्ये तिथेच गेल्या. दहा दिवसांच्या ट्रिपला त्या कामाच्या पंगतीत बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे, या जुलैला पाठवू नका. पण नुसतं ‘नाही’ म्हणून दार आपटू नका, तिलाच चर्चच्या पाळकांकडे घेऊन जा आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. आश्रमाची सरकारी नोंदणी आहे का, तिथे सोशल वर्कर आहे का, किती मुलांचे नातेवाईक माहीत आहेत, गेल्या काही वर्षांत किती मुलं घरी परत गेली, 17 वर्षांच्या मुलांना काही चौकशी-ट्रेनिंग न करता लहान मुलांजवळ कसं सोडतात. शेवटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण जिथे आपल्या पोरांना कुणी विचारत नाही तिथे वाईट हेतूच्या माणसालाही कुणी विचारत नसणार. पाळक चिडले तर चिडू देत, तुम्ही अदबीने विचारताय.

पैशांचं मात्र नीट करा. 14 जणांचे मिळून 47,600 डॉलर होतात. आश्रमाची मदत एका झटक्यात बंद करा असं चुकूनही सुचवू नका, उपाशी मुलंच राहतील. मदत चालू ठेवून हळूहळू वळवायची, सोशल वर्करच्या पगाराकडे, आज्यांच्या घरच्या शाळेच्या फीकडे, औषधांकडे. रवांडाने हे करून दाखवलंय, 2012 मध्ये तिथे 33 संस्थांमध्ये तीन हजारांवर मुलं होती, त्यातली बरीच सरकारने पाठपुरावा करत कुटुंबांत नेली. आपल्या महाराष्ट्रातही बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे किंवा एकट्या पालकाकडे वाढणाऱ्या मुलासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात, कल्पना तीच, मूल घरातच राहावं. केकचे पैसे ज्यांनी दिले त्यांना मात्र लेकीने स्वतः फोन करून सांगावं की पैसे आता कुठे जाणार, आणि नको असेल तर परत द्यावेत.

आणि तिच्या उन्हाळ्याचं म्हणाल तर डॅलसमध्येच व्हिकरी मेडोला निर्वासितांची कितीतरी कुटुंबं राहतात, आफ्रिकेतून आलेलीही. तिथे मुलांचा अभ्यास घ्यायला माणसं लागतात. अट एकच घाला, जूनमध्ये सुरू केलं तर शाळा सुरू झाल्यावरही दर आठवड्याला त्याच मुलांकडे जायचं. पाळकांची उत्तरं आली की मला लिहा, विशेषतः आजीबद्दल ते काय म्हणाले ते.