केमो चालू असताना पेशंटने चालायला जावं का? बाबा दिवसभर पडून असतात आणि चिडचिड करतात

तुम्ही लिहिलंय की बाबांचं कोलनच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे, ते कुणाशी धड बोलत नाहीत, आई म्हणते आराम करू दे आणि तुम्हाला वाटतं फिरायला न्यावं. माझं पण कोलनचंच होतं, स्टेज ३, ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. हो, चालू द्या, पण डॉक्टरांना विचारून, आणि त्यांच्या मागे लागून तर अजिबात नाही.

आईचं म्हणणं मायेपोटी आहे पण केमोचा थकवा आरामाने जात नाही हो, रात्रभर झोपलं तरी सकाळी तसंच गळून गेल्यासारखं वाटतं आणि जितकं पडून राहावं तितकी पायातली ताकद जाते, मग बाथरूमपर्यंत गेलं तरी दम लागतो आणि परत पडावंसं वाटतं. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने, आस्कोने, २०२२ मध्ये गाइडलाइनच काढली की आजार बरा करण्यासाठीची ट्रीटमेंट चालू असतानाही डॉक्टरांनी पेशंटला व्यायाम सुचवावा. त्याआधी २०१९ मध्ये तज्ज्ञांनी सगळा अभ्यास एकत्र करून सांगितलं होतं की आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम केला तर थकवा, घालमेल, उदासी हे सगळं कमी होतं. आता अर्धा तास ऐकून बाबा घाबरतील, त्यांना हा आकडा सांगूच नका. हॉलमध्ये पाच मिनिटं, मग गच्चीवर, मग गेटपर्यंत, एवढ्यावर सुरुवात होते.

दिवस मात्र बघून निवडा. सलाईननंतरचे पहिले काही दिवस वाईट असतात, पुढच्या सलाईनच्या आधीचा आठवडा त्यातल्या त्यात बरा, तेव्हा थोडं वाढवायचं. आणि ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर मॉर्निंग वॉकचं नाव काढू नका! त्या औषधाने थंडी सहन होत नाही, गार हवेत बोटांना मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो, फ्रिजमधली बाटली हातात धरवत नाही. आमच्या नाशिकच्या थंडीत मी अकरानंतर ऊन चढल्यावर बाहेर पडायचो, तेही मफलर गुंडाळून. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांमुळे तळवे लाल होतात, सोलतात, तेव्हा चालणंच नको वाटतं, अशा वेळी मऊ चप्पल, सुती मोजे, आणि डॉक्टरांना नक्की सांगायचं कारण ते डोस कमी करू शकतात किंवा गोळ्या काही दिवस थांबवतात. तळवे बरे होईपर्यंत खुर्चीत बसून पाय सरळ करणं, हात वर-खाली करणं, एवढं पुरे. पोटावर जोर येईल असं काही नको, वजन उचलणं तर सर्जनला विचारल्याशिवाय नाहीच.

ताप १००.४ च्या वर, छातीत दुखणं, चक्कर, जुलाब यातलं काही असलं तर चालणं बंद आणि हॉस्पिटलला फोन. छातीत दुखलं तर अजिबात वाट बघू नका, कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांचा कधी कधी हृदयावर परिणाम होतो. ब्लड रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार खाली असतील तेव्हाही आधी विचारा.

आता चिडचिडीचं. ट्रीटमेंटमध्ये पेशंटच्या हातात काहीच राहत नाही, तारीख दुसऱ्याची, गोळीची वेळ दुसऱ्याची, खायचं काय तेही दुसरेच ठरवतात, आणि वर प्रत्येक पाहुणा "पॉझिटिव्ह राहा" म्हणून जातो. मला त्या वाक्याचा अक्षरशः त्रास व्हायचा. म्हणून कधी निघायचं, कुठून परत फिरायचं हे बाबांनाच ठरवू द्या, मोबाईलवर पावलं मोजत बसू नका. माझा मुलगा नुसता सोबत चालायचा, रिपोर्टचं काही काढायचा नाही, द्राक्षाची छाटणी, कांद्याचा भाव, मॅच, असलं बोलायचा, आणि त्यातच कधीतरी मला भीती वाटते हे मी त्याला सांगू शकलो. घरात समोरासमोर बसून ते कधीच जमलं नसतं.

पण चालणं हे डिप्रेशनवरचं एकमेव औषध नाही. दोन आठवडे झाले तरी कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, किंवा कशाला जगायचं असं बोलत असतील तर लगेच कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा, मोठ्या हॉस्पिटलमध्ये यासाठी वेगळे सायको-ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सर पेशंटच्या मनाचं बघणारे तज्ज्ञ असतात. मानसिक त्रासासाठी सरकारचा टेली-मानस हेल्पलाइन नंबर १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं, तुम्ही स्वतः थकलात तरी करा.

आणि केमो संपल्यावर सोडू नका. २०२५ मध्ये कोलन कॅन्सरवरच चॅलेंज नावाच्या ट्रायलचा रिझल्ट आला, ८८९ पेशंट, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले, केमो झाल्यावर अर्ध्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम आणि बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी जिवंत आणि कॅन्सर न उलटलेले व्यायामवाल्यांत शंभरात ८० आणि दुसऱ्या गटात ७४. स्नायू-सांध्यांच्या दुखण्याच्या तक्रारी व्यायामवाल्यांत जास्त होत्या, म्हणून फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून मगच वाढवा. बाबांना स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेलं तोंड, त्यावर पिशवी लावतात) आहे का ते लिहा, असेल तर काय काय सांभाळायचं ते वेगळं सांगतो.