दिवाळीचं सामान घेतलं तर लेकरं लाचार होतात का?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या केंद्रात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि ती तो सरळ विचारत नाही. आधी मशीनवरचं ब्लाऊज दाखवते, मग पोराच्या खोकल्याचं सांगते, आणि उठता उठता म्हणते, "ताई, यंदा आमचं नाव यादीत नका टाकू."

आमचं केंद्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, जुन्या समाजमंदिराच्या दोन खोल्यांमध्ये चालतं. शिवणवर्ग, संध्याकाळची अभ्यासिका, बचत गटांच्या बैठका, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशनाला मी. दिवाळीच्या आधी तेल, साखर, रवा, बेसन, लेकरांचे कपडे असं सामान गावातल्या आणि जवळच्या दोन पोडांवरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरच्या, गरजू घरांना दिलं जातं. काही देणगीदार शहरातले, काही गावातलेच.

ज्या घराबद्दल लिहिते आहे, त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घर दोन एकर कोरडवाहूचं. नवरा-बायको स्वतःचं करून दुसऱ्याच्या वावरात जातात. मुलगी नववीत, मुलगा दुसरीत. आई आली तेव्हा कापसाची वेचणी सुरू झाली होती. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिच्या बोटांना, नखांच्या कडेला बारीक चिरा पडल्या होत्या. बोलताना ती अंगठ्यानं त्या चाचपत होती.

"सामान घ्यावं तर हे म्हणतीन, आपण काय मांगून खाणारे हावो काय? नाही घ्यावं तर लेकराइले काय देऊ? आन् घेतलं तर उद्या लेकरं लाचार होतीन, त्याइले सवय लागीन."

तिच्या एका वाक्यात तीन माणसांची भीती होती. तिची स्वतःची, नवऱ्याची आणि लेकरांची. अशा वेळी मी कोणतंच उत्तर देत नाही. कोणती भीती कोणाची, ते आधी वेगळं करावं लागतं. आई नवऱ्याच्या वतीनं बोलते, नवरा लेकरांच्या वतीनं, आणि लेकरांना कुणी विचारलेलंच नसतं.

इथे थोडं थांबून एक सांगते, कारण शहरातल्या वाचकाला हे नेहमी कोडं वाटतं: पीक निघायच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी पैसा कसा नाही? सोयाबीन ऑक्टोबरात निघतं खरं. पण परतीचा पाऊस लागला की दाण्यात ओल राहते आणि हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची अट 12 टक्क्यांची. 2024 मध्ये ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली, तीही दिवाळी उरकल्यावर. तोवर ज्याला सण करायचा असतो त्यानं व्यापाऱ्याच्या काट्यावर मिळेल त्या भावात माल टाकलेला असतो. कापसाचा तर पहिला वेचा जेमतेम घरात आलेला. मजुराच्या हातात वेचाईचे पैसे पडतात, पण ते बाजाराच्या दिवशी किराण्यात जातात, आणि उरलेल्यावर फायनान्सवाल्याच्या हप्त्याची नजर असते. म्हणून "नियोजन नसतं यांचं" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. पैसा यायची तारीख आणि सणाची तारीख जुळत नाही, त्याला हा माणूस काय करणार?

पुढच्या भेटीला नवरा आला. बाहेरच उभा होता. आत बोलावल्यावर खुर्ची सोडून बाकावर बसला. मी म्हटलं, "भाऊ, सामान घ्यायला तुमची ना आहे असं ऐकलं."

"मी कुठं नाही म्हणतो?"

बायकोनं चमकून त्याच्याकडे बघितलं. तो सांगू लागला. 2022 च्या दिवाळीत सरकारनं रेशन दुकानातून आनंदाचा शिधा दिला होता, शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. "तो आणला ना मी. शंभर रुपये देऊन आणला, रांगेत उभं राहून आणला. त्याची काय लाज? सगळं गावच उभं होतं रांगेत."

हे त्याचं बोलणं मी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. सवलत त्यालाही मिळालीच होती. पण त्यानं काहीतरी मोजलं होतं, आणि रांगेत तो एकटा नव्हता. तेवढ्यानं त्याच्या मनात त्या पिशवीला मदत हा शब्द चिकटलाच नाही.

"मग केंद्राच्या सामानाला नाही कोण म्हणतं?"

"पोरगी. सामानाचं नाव काढलं की जेवत नाही."

मुलीशी मी एकटीशीच बोलले. नववीतली पोर, आईबापासमोर काही सांगणार नव्हती. शिवणाच्या खोलीत बसलो. ती बॉबिनला दोरा गुंडाळत, सोडत बोलत होती. मागच्या वर्षी सामान देताना एका देणगीदाराच्या माणसांनी फोटो काढले होते. हातात पिशवी, पिशवीवर छापलेलं नाव, मागे बॅनर. तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला आणि वर्गातल्या एका मुलानं तिला तो सगळ्यांसमोर दाखवला. त्या वेळचा नवीन ड्रेस तिनं नंतर एकदाही घातला नाही. आईला वाटलं, रंग आवडला नाही.

मी विचारलं, "तेल-साखर आली तर चालेल का घरात?"

"तेलाले काय होते? कढईत टाकलं की सगळ्याइचं सारखंच दिसते. मले फोटो नको."

आईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पोरीनंच दिलं होतं. मदतीनं लेकरं लाचार झाल्याचं मी माझ्या कामात पाहिलेलं नाही. ती खजील होतात, ते देण्याच्या तऱ्हेनं. नाव पुकारून, रांग लावून, हात पुढे करायला लावून, वर फोटो काढून दिलेलं सामान लेकरू विसरत नाही. आईबापांना ही गोष्ट लागते तेव्हा ते ती आपल्या गरिबीच्या खात्यावर लिहितात. ती त्यांची नाही. ज्यानं कॅमेरा काढला त्याची आहे. हे मी त्या दोघांना याच शब्दांत सांगितलं.

उरलेलं निम्मं उत्तर घरातलं होतं. लेकरांना परिस्थिती सांगावी की नाही? सांगावी, पण वयाच्या मापानं. दुसरीतल्या पोरासमोर कर्जाचा आकडा, सावकाराचं नाव, "तुझ्यापायी झालं सगळं" असलं काही नको. "यंदा फटाक्यांना एवढे पैसे आहेत, काय घ्यायचं ते तू ठरव" हे त्याला कळतं. "पुढच्या वर्षी नक्की घेऊ" हे मात्र म्हणू नका. पुढच्या वर्षाचं कोणाला माहीत? आणि लेकरं असली वाक्यं बरोबर लक्षात ठेवतात. मोठ्या मुलीला थोडं जास्त सांगता येतं, माल का थांबलाय, पैसे कधी येतील. तिला आधीच अर्धंमुर्धं ठाऊक असतं. अर्धवट ठाऊक असलेलंच जास्त छळतं.

बापानं पोराला दीडशे रुपये दिले. मला वाटलं होतं, थोडे फुलबाजे, थोडे अनार घेईल. पठ्ठ्यानं सगळ्याच्या टिकल्या घेतल्या आणि दोन दिवस ओट्यावर दगडानं फोडत बसला.

नवऱ्याला मी आणखी एक प्रश्न विचारला. सणाच्या दिवसांत अशा घरातल्या कर्त्या माणसाला तो मी विचारतेच: झोप लागते का, आणि जगणं नको असं कधी मनात येतं का. बायकोला तो प्रश्न आवडला नाही. असं विचारल्यानं ते मनात भरतं अशी पुष्कळांची समजूत आहे. तसं होत नाही. विचारल्यावर माणूस बोलतो, एवढंच होतं. तो म्हणाला, झोप येत नाही, बाकी तसं काही नाही. तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी त्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आरोग्य विभागाचा 104 आहेच, आणि गावातली आशाताईही हे काम जाणते. कुणाच्या घरी माणूस गप्प गप्प झाला असेल, "माझ्यामागं तुमचं कसं होईल" असं बोलू लागला असेल, सामानसुमान वाटून टाकत असेल, तर भाऊबीज होऊ द्या, मग बघू, असं करू नका. त्याला एकटं सोडू नका, वावरात फवारणीचं औषध असेल तर ते त्याच्या हाताशी राहणार नाही असं करा, आणि त्याच दिवशी फोन लावा.

केंद्रात मी मुलीचं नाव न घेता फोटोचं बोलले. बैठकीत बराच वेळ वाद झाला. पैसे देणाऱ्याला पुरावा लागतो, हे काही खोटं नाही. शेवटी बचत गटाच्या एका काकूंनी म्हटलं, "मंग सामान वाटताच कायले? फराळ इथंच करू." दिवाळीआधी बायका एरवीही एकमेकींच्या घरी चकल्या पाडायला जातात, तेच केंद्रात करायचं ठरलं. तेल, बेसन, साखर केंद्राची. ज्यांना जमेल त्या पैसे झाकणाच्या डब्यात टाकतील, नाही जमलं तर हात लावतील. कुणी किती टाकले ते कुणी बघायचं नाही. मास्तरांच्या घरच्याही आल्या, पोडावरच्याही आल्या. जाताना प्रत्येकीच्या डब्यात शेव, शंकरपाळे, चकल्या सारख्याच. एकट्या म्हाताऱ्यांचं सामान साध्या पिशवीतून, दिवेलागणीनंतर घरपोच. देणगीदारांना पाठवला तो किराण्याच्या बिलाचा आणि कढईचा फोटो.

आमची ती आई आली, मुलगीही आली. मुलीनं करंज्यांना मुरड घातली, तिचा हात चांगला आहे. कपड्यांच्या गठ्ठ्याकडे मात्र तिनं बघितलंही नाही, आणि मीही म्हटलं नाही की घे. मागच्या वर्षीचं ते इतक्यात जायचं नाही. आईनं मागाहून विचारलं, "ड्रेस घ्यायले सांगू का तिले?" मी म्हटलं, राहू द्या, तिच्या जुन्याला नवीन बाही लावायला तिला शिवणवर्गात बसवा.

नवऱ्यानं लाकडं फोडून दिली आणि झाकणाच्या डब्यात काहीतरी टाकलं. किती, ते ठाऊक नाही.

एका देणगीदारानं मात्र फोटो नाही म्हटल्यावर हात आखडता घेतला. तेवढी रक्कम कुठून उभी करायची, तेलाचे डबे ठोकमध्ये यवतमाळहून आणले तर किती वाचेल, याचा हिशेब बचत गटाच्या बायका आतापासून मांडतायत.