पाणी सांडलं आणि जीव वाचला

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या महालात रोज सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पाच-सहा जणांची बैठक जमते, तिथे एक काका सांगून राहिले होते की अरबांनी धरलेल्या एका इराणी सरदारानं पाण्यावरून खलिफालाच गुंडाळलं. आम्ही म्हटलं काका, फेकू नका. खरं आहे का हे? आणि पुढे त्याचं काय झालं?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : काकांना एक प्लेट देणं लागता तुम्ही. सरदाराचं नाव हुर्मुझान, इराणातल्या खुजिस्तानचा मोठा माणूस. इ.स. ६४२ च्या आसपास तिथलं शुस्तर शहर अरबांच्या हाती पडलं, तेही आतल्याच एका फितुरानं वाट दाखवली म्हणून, आणि माझा निकाल खलिफा उमरनीच लावायचा या अटीवर यानं शस्त्र खाली ठेवलं. मदिनेला आणला तो रेशमी कपडे आणि मुकुट घालून, अन् बघतो तर खलिफा मशिदीत साधा झोपलेला, ना पहारा ना काही. मग यानं पाणी मागितलं, म्हणाला पिता पिता मारून टाकाल, उमर म्हणाले पिऊन होईपर्यंत हात लावत नाही, झालं, यानं पाणी जमिनीवर ओतून दिलं! (आपल्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी असं सांडलं तर आईच जीव घेईल.) उमर चिडले, पण पैगंबरांचे साथी अनस इब्न मालिक म्हणाले तुम्ही शब्द देऊन बसलात. आता इतिहासकार तबरीनं हे लिहिलं ते पावणेतीनशे वर्षांनी, तेव्हा संवाद थोडा तिखट-मीठ लावलेला असणारच.

मला विचाराल तर खरी गोष्ट यापुढची आहे. हुर्मुझान मुसलमान झाला, वर्षाला दोन हजार दिरहम (चांदीची नाणी) मिळायला लागले, इराणवरच्या मोहिमांत खुद्द उमर त्याचा सल्ला घ्यायचे. पण त्याच मदिनेत फिरोज नावाचा इराणी गुलाम होता, सुतारकाम-लोहारकाम करायचा, अन् रोज दोन दिरहम मालकाला भरायचा. अरबांनी इराणात जिंकलेल्या नहावंदच्या लढाईतली धरून आणलेली लेकरं दिसली की त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून रडायचा म्हणतात. ६४४ च्या नोव्हेंबरात यानंच उमरना पहाटेच्या नमाजात भोसकलं.

मग एकानं सांगितलं, हुर्मुझान आणि फिरोज कुजबुजताना मी पाहिले, दुधारी खंजीर खाली पडला होता. बस, एवढंच. उमरांचा मुलगा उबैदुल्लाह हुर्मुझानकडे गेला, माझा घोडा बघायला चल म्हणाला, आणि चालता चालता मागून तलवार चालवली. फिरोजच्या लहान मुलीलाही सोडलं नाही त्यानं. कटात हुर्मुझान होता याला त्या कुजबुजीपलीकडे पुरावा काही नाही. उबैदुल्लाहला शिक्षा मात्र झाली नाही, एका हकिकतीप्रमाणे हुर्मुझानला इथे वारस कोणी नाही म्हणून नवे खलिफा उस्मान यांनीच खुनाची भरपाई स्वतःच्या खिशातून भरली.

काकांना हे सांगाल, पण त्यांचे पोहे संपल्यावर.