माझ्या मैत्रिणींना कोणतं पुणं दाखवू?

प्रश्न : प्रिय काकू, मी मूळची जर्मनीची. लग्न करून कोथरूडला आले त्याला ११ वर्षं झाली. मराठी सासूबाईंकडून आणि कॉलनीतल्या शेजारणींकडून शिकले. हे पत्र मीच लिहिलं आहे, नवऱ्याने फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, माझ्या शाळेतल्या तीन मैत्रिणी पाच दिवसांसाठी येताहेत. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या दोघी आल्या होत्या, तेव्हा मी गाडी ठरवून एका दिवसात शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, पर्वती, केळकर संग्रहालय, सारसबाग असं सगळं दाखवलं. दिवसभर मी एकतर सनावळ्या सांगत होते, नाहीतर हॉर्न आणि कचऱ्याबद्दल माफी मागत होते. जाताना विमानतळावर एक म्हणाली, "पुणं पाहिलं, पण तू इथे कशी राहतेस ते कळलंच नाही." मनाला फार लागलं ते. या वेळी काय करू? सासूबाईंना या तिघींना हळदीकुंकवाला बसवायचं आहे. त्यांना अवघडल्यासारखं होईल का? तिघींपैकी एकीचा घटस्फोट झाला आहे, म्हणून शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं.
— एक कोथरूडकर सून

उत्तर : प्रिय सूनबाई,

ती मैत्रीण एवढा प्रवास करून आली ती तुझ्यासाठी. तिचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, पण लक्षात मात्र ठेव. परदेशी मुलामुलींना मी २६ वर्षं घरी मराठी शिकवलं. त्यांचे आईवडील, मित्र पुण्याला यायचे आणि हाच प्रश्न माझ्यापुढे यायचा. सुरुवातीला मीही त्यांना ठिकाणांची यादी लिहून द्यायचे. पुढे सोडून दिलं. दिवसाला एकच जागा घे. ती अशी असावी, की तिथे तुला कुणीतरी ओळखतं किंवा तिची गोष्ट तुला मनापासून सांगावीशी वाटते.

पहिल्या सकाळी गाडी नको. वनाजहून मेट्रोत बसा, जिल्हा न्यायालयाला बदला आणि जमिनीखालून कसबा पेठेला उतरा. डेक्कनजवळ मेट्रो मुठेच्या काठाने जाते. तिथे नदीकडे बघून त्या काही विचारतील. तेव्हा माफी मागू नकोस आणि वकिलीही करू नकोस. नदीचं हे काय झालं याचा तुला राग येत असेल, तर राग येतो असं सांग. ११ वर्षं एका गावात संसार केलेल्या बाईचा तो हक्क आहे. याच नदीने १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं तेव्हा, अर्धं जुनं पुणं बुडवलं. मी तान्ही नव्हते, पण मला आठवतही नाही. आई सांगायची, की आमच्या वाड्यातलं पाणी ओसरल्यावर तिने पहिल्यांदा जातं शोधलं. ते जागच्या जागी होतं, चिखलाने भरलेलं.

कसब्यात माझं बालपण गेलं, म्हणून इथे जरा रेंगाळते. कसबा गणपतीचं दर्शन झालं की तांबट आळीत जा. पूर्वी आळी दिसायच्या आधी ऐकू यायची. आता ठोके कमी झालेत, घरंही मोजकी उरलीत, तरी सकाळी दहाच्या पुढे कुठेतरी हातोडी चालू असतेच. दारात उभं राहून विचार, "बघू का जरा?" नाही म्हणणारा मला आजवर भेटला नाही. तांब्याच्या भांड्यावर ओळीने जे टिचक्यांसारखे खड्डे दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. लोक ती नक्षी समजतात. दिसायला ती सुंदर आहेच, पण तांबं मऊ असतं आणि ठोके पडत गेले की ते कडक होतं, भांडं चेपत नाही. आमच्याकडचा पाणी तापवायचा बंब असाच मठारलेला होता. हे तू त्यांना तुझ्या भाषेत समजावून सांगशील, तेव्हा 'मठारणं' या शब्दाशी अडशील, मग हाताने करून दाखवशील. त्या तिघी ते विसरणार नाहीत.

तिथून शनिवारवाडा चालत पाच-दहा मिनिटांवर. दिल्ली दरवाजा बाहेरूनच नीट पाहू द्या. हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेले ते अणकुचीदार खिळे हाताला लागतील इतके जवळून बघा. आत गेल्यावर मागच्या वेळी त्या दोघींनी विचारलंच असेल, वाडा कुठे आहे? नाहीच तो. पाया १७३० मध्ये घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत वरचं लाकूडकाम सगळं गेलं. उरले ते जोते, तटबंदी आणि कारंज्याचे हौद. हे आधीच सांगितलं की माणूस त्या जोत्यांकडे वेगळ्या नजरेने बघतो. न सांगता नेलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

तिकिटाचंही आत्ताच सांगते, कारण माझ्या एका विद्यार्थिनीला खिडकीवर रडू आलं होतं. पुरातत्त्व खात्याच्या अशा जागी भारतीयांना २५ रुपये आणि परदेशी नागरिकांना ३०० रुपये पडतात. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला मिळतं ते ओसीआय कार्ड तुझ्याकडे असेल, तर तुला भारतीयांचाच दर लागतो. कार्ड जवळ ठेव आणि शांतपणे दाखव. मैत्रिणींना मात्र ३०० भरावे लागतील, हे त्यांना घरूनच सांगून ठेव. आणि त्या तुझ्याकडेच उतरणार असतील, तर परदेशी पाहुणा घरी आल्याचं २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, ज्याला पूर्वी सी फॉर्म म्हणत. हे काम त्या आल्या त्याच दिवशी नवऱ्याला बसवून कर.

मग मंडई. अष्टकोनी इमारत १८८६ ची आहे, हे एका वाक्यात सांग आणि गाळ्यांकडे वळ. जानेवारीत मंडई वर्षातली सगळ्यात देखणी असते. मटार, लाल गाजरं, बोरं, पावटे, उसाची कांडकी, ओला हरभरा. भोगीच्या भाजीला काय काय लागतं ते मैत्रिणींच्या हातात पिशवी देऊन घ्यायला लाव. तू भाव करताना त्या तुझ्याकडे बघत राहतील. शाळेत असताना तू अशी होतीस का, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत?

केळकर संग्रहालय पुन्हा दाखव, पण सगळी दालनं नकोत. दिवे, अडकित्ते आणि वज्र्या एवढंच बघा. पाय घासायच्या वज्रीवर कुणीतरी मोर काढला, हत्ती काढला. रोजच्या वापरातल्या वस्तूला एवढा जीव लावणारी माणसं इथे होती, हे तिथे कळतं. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे उभं केलं. ते 'अज्ञातवासी' नावाने कविताही लिहीत. दारावरचं नाव बापाचं नसून मुलाचं आहे, हे आत शिरतानाच सांग.

सिंहगडाला जायचं तर रविवार टाळ. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही गडावर खाल्लं की पुरे, व्याख्यान नको. पर्वती आणि सारसबाग या वेळी राहू दे.

एक अख्खा दिवस मात्र कार्ल्याच्या लेण्यांना दे. शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल धर आणि मळवलीला उतर. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. कार्ल्यापर्यंत रिक्षा मिळते, पुढे पायऱ्या आहेत, एकवीरेला निघालेले कोळी बांधव सोबतीला असतात. देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, तिथे आहे, जवळजवळ २००० वर्षांचं. छताच्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. पण तुला मी पाठवतेय ती खांबांसाठी. कुठला खांब कुणी दिला ते त्यावर ब्राह्मीत कोरलंय आणि त्यातले कित्येक दाते स्वतःला 'धेनुकाकटाचा यवन' म्हणवतात. धेनुकाकट हे तेव्हाचं एक गाव, आणि यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेली माणसं. ती इथे राहिली, नावं इथली घेतली आणि देणगी देताना आपण मूळचे कोण आणि आता कुठल्या गावचे, दोन्ही दगडात लिहून ठेवलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथे नेलं की ते त्या अक्षरांवर बोट धरून उभे राहायचे. तुलाही तसं उभं राहावंसं वाटेल. मैत्रिणींना ते खांब दाखव आणि काही वेळ गप्प राहा. परतीच्या लोकल दुपारी विरळ असतात, तेवढं वेळापत्रक बघून नीघ.

आता हळदीकुंकू. तिघींनाही बसव. अवघडेल ते पहिली पाच मिनिटं. कुंकू का लावतात, तिळगूळ देताना काय म्हणतात, वाण घेऊन नमस्कार कसा करतात, हे आदल्या दिवशी चहा पिताना सांगून टाक. ज्या मैत्रिणीचा घटस्फोट झालाय तिला वगळण्याचा विचारही मनात आणू नकोस. माझे यजमान गेले त्याच वर्षी संक्रांतीला माझ्या धाकट्या जावेने भर बैठकीत मला कुंकू लावलं. दोघीजणी उठून गेल्या, बाकीच्या बसल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे हळदीकुंकवाला सगळ्या बायका येतात. सासूबाईंनी तिघींनाही बोलवायचं म्हटलंय, म्हणजे त्यांच्या मनात स्वच्छ आहे. शेजारच्या काकूंना त्याच सांभाळतील.

वाण तांबट आळीतून घे, छोट्या मठारलेल्या वाट्या. मैत्रिणींनी त्या बनताना पाहिलेल्या असतील. आणि बायका तुला उखाणा घ्यायला लावणारच. एखादा ताजा तयार ठेव आणि तो म्हणून झाल्यावर त्याचा अर्थ सासूबाईच तुझ्या मैत्रिणींना सांगू देत, भाषांतर तू कर.

— काकू