बदलीचा आदेश आणि सेवा सोडण्याचा निर्णय

प्रश्न : मी अमेरिकेच्या लष्करात दुसऱ्या करारावर आहे. करार संपत आला असताना बदलीचा आदेश आला असून त्यासाठी मुदत वाढवावी लागेल. मला सेवा सोडायची आहे. नकार देता येईल का?

उत्तर : होय, परंतु आदेश मोडून नव्हे. बदलीसाठी लागणारा सेवाकाळ शिल्लक नसेल आणि तो वाढवण्याची आपली इच्छा नसेल, तर ‘डीए फॉर्म ४९९१’ या निवेदनावर सही करून तसे लेखी कळवता येते. ही शिक्षा नव्हे. तरीही सहीनंतर नवा करार वा मुदतवाढ मिळत नाही आणि बढतीसाठीही विचार होत नाही, म्हणून केवळ बदलीच्या रागातून सही मुळीच करू नये, अशी कळकळीची विनंती. आधी आपल्या तुकडीच्या करिअर कौन्सेलरना भेटावे.